आठवड्याचे एकोणपन्नास तास

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राचा पहिला साप्ताहिक तक्ता मी तीन दिवसांत तयार केला आणि सतराव्या दिवशी स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढला. त्या सतरा दिवसांत काय कळलं आणि पुढे आठवडा लावायला कशी शिकले, ते लिहून ठेवते आहे. नवं केंद्र सुरू करणारी मंडळी हे मला फोनवर विचारतात आणि फोनवर सांगताना दर वेळी निम्मं राहून जातं.

केंद्र माणदेशात आहे. कमी पावसाचा पट्टा. रब्बीची ज्वारी, डाळिंबाच्या बागा, मेंढरं. बऱ्याच घरांतला एक तरी माणूस सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी लांबच्या कुठल्या तरी शहरात. आमच्या प्रसारणाची ताकद शंभर वॅट, मनोरा तीस मीटरपेक्षा उंच नाही. दहाएक किलोमीटरपर्यंत आवाज स्वच्छ जातो आणि मध्ये टेकडी आली की तिथेच थांबतो. एवढ्याशा परिघातली गावं आणि वाड्या, हेच आमचं सगळं जग.

त्याआधी चौदा वर्षं मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळायच्या, पण त्या सहा दिवसांत मी जे शिकले त्यावर आजही काम करते. तिथे दिवसाच्या प्रसारणाच्या सभा असतात: पहिली, दुसरी, तिसरी. कुठल्या वेळेला कुठला कार्यक्रम, हे ठरवणारा मोठा तक्ता असतो, त्याला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात. त्यावरून रोजची क्यू शीट निघते, आणि उद्घोषक त्या कागदावर बोट ठेवून सेकंदासेकंदाने पुढे सरकतो. बातम्यांची वेळ हलत नाही, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची हलत नाही. एखादा वक्ता दोन मिनिटं आधी संपला तर मध्ये फिलर लावायचा, पण पुढचा कार्यक्रम आधी सुरू करायचा नाही. हे शिस्तीचं बाळकडू मला आकाशवाणीनेच पाजलं आणि त्याबद्दल मी कायम ऋणी आहे.

सामुदायिक रेडिओची चौकट वेगळी आहे. रेडिओच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरी प्रत्यक्षात दार उघडायला वेळ लागला. आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. अटी सरळ आहेत. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले हवेत. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा देता येतात. वीज, पाणी, हवामान, परीक्षा, यात्रा यांच्या सूचना देता येतात.

आमचं केंद्र मुख्यतः बोलण्याचं आहे, गाण्यांचं नाही. एक कारण पैशाचं. चित्रपटगीतं वाजवायची तर हक्कांचे पैसे मोजावे लागतात आणि ते आमच्या आवाक्यात नव्हते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाणी ऐकायला मेमरी कार्ड आहे, मोबाइल आहे. आपल्या शेजारच्या गावची बाई आपल्याच बोलीत सातबाऱ्याविषयी बोलते आहे, हे मात्र दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही.

तर तो पहिला तक्ता. मी आकाशवाणीचाच सांगाडा उचलला. सकाळी सहा ते नऊ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सहा ते नऊ. सकाळी चिंतन, भजन, बातम्या आणि सातला शेतीचं सदर. दुपारी एक वाजता महिलांचा कार्यक्रम, कारण दुपारी जेवणं आटोपली की बायका मोकळ्या होतात, असं मी कित्येक वर्षं गृहीत धरून होते. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा शेती, सातला आरोग्य, साडेसातला तरुणांसाठी काही. सोमवार ते रविवार सात रकाने, रंगीत पेनांनी भरलेले. सहकाऱ्यांनी कौतुक केलं. मलाही तो आवडला होता.

सतरा दिवसांत दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमाला एक फोन आला नाही. कार्यक्रम वाईट नव्हते. त्यातला एक, अंगावरून पांढरं जाण्याविषयीचा, मी आजही नव्या मुलींना नमुना म्हणून ऐकवते. मग ऐकायला कुणी का नव्हतं?

आम्ही चौघं रेकॉर्डर न घेता वाड्यांवर गेलो. बरोबर खडू आणि ज्वारीचे दाणे. मंदिरासमोरच्या फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढायचं, त्याचे चोवीस भाग करायचे, आणि बायकांना सांगायचं की ज्या तासाला कामाचा भार जास्त, तिथे जास्त दाणे ठेवा. गावोगाव काम करणारे कार्यकर्ते ही पद्धत बरीच वर्षं वापरतात, रेडिओसाठी ती वापरावी हे मला आधी सुचलं नव्हतं. पहिल्याच वाडीवर दुपारच्या एकच्या घरात दाण्यांचा ढीग झाला. मी विचारलं, तर एक मावशी म्हणाल्या, "आवं ताई, एक वाजता कुठं घरात आसतोय आमी? खुरपायला गेलेलं आसतंय समदं. भाकरी बी बांधावर बसूनच खातोय."

रोजगाराला जाणाऱ्या बाईची दुपार मालकाची असते. मोकळी दुपार ही माझ्या आईची होती, शहरातल्या क्वार्टरमधली, आणि मी ती माणदेशातल्या बाईच्या अंगावर घातली होती.

दुसरी गोष्ट कळली ती यापेक्षा मोठी. रेडिओ संच जवळजवळ कुणाकडेच नव्हता. लोक रेडिओ ऐकतात तो मोबाइलवर. साध्या फोनमधला एफएम लागायला कानात घालायची वायर जोडावी लागते, कारण तीच त्याचा अँटेना असते. वायर तुटली की रेडिओ बंद. घरात फोन एक, आणि तो घरच्या पुरुषाच्या खिशात. सकाळी आठ-साडेआठला तो घराबाहेर पडला की रेडिओही त्याच्याबरोबर गेला. संध्याकाळी सात-साडेसातला परत आला. म्हणजे बाईपर्यंत आमचा आवाज पोहोचायचा तर सकाळी आठच्या आत, नाहीतर रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत आम्ही कितीही चांगलं बोललो तरी तिच्यासाठी ते नसल्यासारखंच होतं.

तिसरी गोष्ट विजेची. शेतीपंपाला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास, अशी फिरत्या पाळीने मिळायची. अर्धी गावं एका पाळीत, अर्धी दुसऱ्या. ज्यांची रात्रपाळी, ते शेतकरी रात्री दहाला बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे आणि सकाळी झोपायचे. माझं सकाळी सातचं शेतीचं सदर त्या दिवशी अर्ध्या शेतकऱ्यांच्या झोपेत वाजत होतं.

तेरा वाड्या फिरून आल्यावर मी तक्ता काढला आणि त्या जागी कोरा कार्डबोर्ड लावला. या वेळी कार्यक्रमांची नावं शेवटी लिहायची ठरवली. आधी फक्त लोकांचा दिवस लिहिला: कोण कधी घरात, कुणाच्या हातात फोन, कोण झोपलेलं, बाजार कुठल्या दिवशी, एसटी किती वाजता.

मग हिशेबाला बसलो. हा भाग कुणी कुणाला सांगत नाही आणि नवी केंद्रं इथेच दमतात, म्हणून सविस्तर सांगते. दुपारची सभा आम्ही काढून टाकली. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, म्हणजे दिवसाला सात तास, आठवड्याला एकोणपन्नास. माणसं चार. त्यातला एक जण कायम कन्सोलवर बसलेला, तो कार्यक्रमाला मिळत नाही. उरले तिघे, सहा दिवसांचे अठरा दिवस. अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमाला गावात जाणं, रेकॉर्डिंग, परत सगळं ऐकणं, काटछाट आणि निवेदन धरून दीड दिवस लागतो. म्हणजे आठवड्याला बारा कार्यक्रम, एकूण सहा तास. रोज एक तास लाइव्ह, ते सात. एकोणपन्नास तासांत आमच्या हातून नवं होऊ शकतं ते फक्त तेरा तासांचं.

ही संख्या कागदावर आली तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. पण ती आधीच मान्य केली म्हणून आम्ही टिकलो. संध्याकाळचं नवं ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, हे ठरलं, म्हणजे सव्वीस तास. आकाशवाणीच्या बातम्या दोन वेळा दहा-दहा मिनिटं. दर तासाला पाच मिनिटं सूचना. उरलेल्या सोळा-सतरा तासांसाठी आम्ही गावातून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या, भजनं, धनगरांच्या गजी नाचाची गाणी, शाळेतल्या मुलांचे पाढे आणि कविता, आणि पुस्तकाचं वाचन.

पुनःप्रसारण म्हणजे शिळं, असं आमच्यातल्या एका मुलीला वाटायचं. मी तिला सांगायची, ज्याने काल ऐकलं नाही त्याच्यासाठी ते ताजंच आहे. ज्याने ऐकलं, तो दुसऱ्यांदा नीट ऐकतो. फेरफाराच्या कागदपत्रांची यादी एकदा ऐकून कुणाच्या लक्षात राहते?

पुस्तकासाठी मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' निवडली. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी हक्क मोकळे होतात, आणि लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, म्हणून वाचायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण निवडलं ते त्यासाठी नाही. ते पुस्तक मोठ्याने वाचलं की समोर बसून कुणी बोलतंय असं वाटतं. रोज पंधरा मिनिटं, सकाळी सव्वासातला. मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा वेगाने वाचायचं नाही, हा माझा नियम. कानाला मागे वळून पाहता येत नाही.

नव्या आठवड्याचा कणा होता रात्री साडेसात ते नऊ. साडेसातला लाइव्ह फोन-इन, साडेआठला अर्ध्या तासाचं विशेष. सोमवारी अंगणवाडी आणि दवाखान्याची कामं, मंगळवारी शेती. शनिवारचा अर्धा तास मुलांचा, त्यात मोठ्या माणसाने बोलायचंच नाही. या दिवसांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, ते लवकर बसले. दोन जागांनी मात्र आम्हाला खूप शिकवलं.

एक रात्रपाळीची. ज्या दिवशी अर्ध्या गावांना रात्रीची वीज असेल, त्या दिवशी रात्री दहा ते बारा आम्ही संगणकावर यादी लावून प्रसारण सुरू ठेवायला लागलो. माणूस लागत नव्हता, फक्त सकाळी पुनःप्रसारणात जाणारं रात्रीच एकदा सोडायचं. पहिल्याच आठवड्यात विहिरीवरून फोन आले. आवाजात वारा आणि मोटारीचा घरघराट. एक जण म्हणाला, "ताई, कोण तरी जागं हाय म्हणून बरं वाटतंय." भाद्रपदात आम्ही साप चावण्याविषयीचं सदर याच वेळेला ठेवलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावल्यावर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला पाय हलवायचा नाही, आणि मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी रुग्णालयात जायचं, कारण प्रतिविष लस तिथे मिळते. हेच सदर पहिल्या तक्त्यात शुक्रवारी संध्याकाळी सातला होतं. मजकूर तोच. पण अंधारात बांधावर उभ्या असलेल्या माणसाने तो ऐकणं आणि चहा पिताना घरात ऐकणं यात फरक पडतो. मला हे तेव्हा पहिल्यांदा अंगातून कळलं.

दुसरी जागा हक्कसोडीची. ती सांगायला मला अजूनही जड जातं.

गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही बायकांसाठी जमिनीच्या कागदांचं सदर करत होतो. सातबारा कसा वाचायचा, आठ-अ म्हणजे काय, फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत हरकत कशी घ्यायची. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. हे सगळं एका वकील बाईंनी फार सोपं करून सांगितलं. मग श्रावणात हक्कसोडपत्राचा भाग आला. वडील गेले की बहिणींना गाडी करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात, साडी-चोळी करतात, आणि सही घेतात. सही करण्याआधी काय वाचायचं, नाही म्हणता येतं का, एवढंच त्या भागात होतं.

तो भाग प्रसारित झाल्यावर एका वहिनींनी दुसऱ्या दिवशी केंद्रावर येऊन सांगितलं, "तुमी आमाला सांगताय ते बरोबर हाय. पण ऐकून आमी काय करायचं? भावाला कोण सांगणार? मी सांगितलं तर माहेर तुटंल." त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. मी त्या रात्री झोपले नाही. बायकांचा विषय म्हणून तो बायकांच्या वेळेत ठेवला होता. त्यामुळे एक अवघड ओझं आम्ही फक्त बहिणीच्या डोक्यावर ठेवलं होतं. भाऊ तेव्हा गोठ्यात होता, आणि त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

आम्ही तोच भाग रात्री साडेआठला लावला, राखी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा घरातलं प्रत्येक माणूस ताटावर नाहीतर उंबऱ्यावर असतं आणि फोन मधोमध ठेवलेला असतो. एक बदल केला. वकील बाईंच्या आधी दोन भावांचं बोलणं घातलं. त्यांनी बहिणींची नावं सातबाऱ्यावर राहू दिली होती आणि का, ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत आलेले फोन आम्ही वहीत उतरवले. रागावलेले बरेच होते. एका आण्णांनी आम्हाला घरं फोडणारी माणसं म्हटलं, आणि त्यांचं बोलणं आम्ही त्यांच्या संमतीने पुढच्या आठवड्यात पूर्ण ऐकवलं. पण दोन घरांतून बहिणींनी कळवलं की विषय भावानेच काढला.

तेव्हापासून दर बैठकीत आम्ही विषयाच्या आधी विचारतो: हे कुणी कुणासमोर ऐकायला हवं? आणि मग वेळ ठरवतो.

चुका पुढेही झाल्या. एका बुधवारी लाइव्हला एका सरकारी खात्याचे अधिकारी येणार होते. विमा भरपाईचा विषय, आठवडाभर जाहीर केलेला. सात पंचवीसला त्यांचा फोन बंद. साडेसातला परिचय धून वाजली, मी नमस्कार म्हटलं, आणि पुढे बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. चाळीस सेकंद शांतता गेली. घरी बसलेल्या माणसाला चाळीस सेकंद म्हणजे केंद्र बंद पडलं असं वाटायला पुरेसे असतात. मग मी खरं ते सांगितलं: पाहुणे आलेले नाहीत, तुमचे प्रश्न आम्ही उतरवून घेतो. एकवीस प्रश्न आले. ते कागदावर लिहून आम्ही खात्याच्या कचेरीत नेऊन दिले, उत्तरं आणली आणि पुढच्या बुधवारी त्याच वेळेला वाचली. त्यानंतर राखीव खण सुरू झाला. तयार, ऐकून झालेले, केव्हाही चालतील असे दोन अर्ध्या तासांचे कार्यक्रम त्यात कायम असतात. एक वापरला की तीन दिवसांत दुसरा भरायचा. नव्या केंद्राने पहिलं प्रसारण करायच्या आधी हा खण भरावा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

प्रश्न आणि उत्तरांच्या या फेऱ्यामुळे मला पुण्याचा जुना प्रयोग आठवला. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेती रेडिओ मंडळं चालवली होती. आसपासच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं, प्रत्येक गावात एक मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एकूण वीस कार्यक्रम. लोक एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायचे आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जायचे. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे त्याचं मूल्यमापन केलं. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांचं ज्ञान इतर गावांपेक्षा स्पष्ट वाढलेलं त्यांना दिसलं. मी हे वाचलं होतं आकाशवाणीत असताना, पण त्यातला बारकावा आता कळला. उत्तर कधी मिळणार, हे त्या मंडळांना ठाऊक होतं. पुढचा कार्यक्रम कोणत्या वारी, ते ठरलेलं होतं.

आम्ही सहा वाड्यांवर श्रोता मंडळं केली. प्रत्येकीला एक वही. रविवारी रात्रीचा साडेआठचा अर्धा तास फक्त वह्यांतल्या प्रश्नांना. त्या अर्ध्या तासात आमच्या मनाचं काही जात नाही. एखाद्या आठवड्यात प्रश्न तीनच आले तर तीन प्रश्न सविस्तर घेतो.

वेळ हलवण्याची चूक मात्र मी एकदाच केली, आणि तीही पैशासाठी. जाहिरातींची मर्यादा तासाला आधी पाच मिनिटं होती, मग सात, २०२४ पासून बारा. त्यामुळे थोडं उत्पन्न येऊ लागलं होतं. एका मोहिमेचे प्रायोजित कार्यक्रम आले. त्यांना सकाळी सव्वासातचीच वेळ हवी होती. दोन महिन्यांचा पगार निघणार होता. मी पुस्तकवाचन अर्ध्या तासाने पुढे ढकललं, पावणेआठला. दिवसातून चार वेळा घोषणाही केली.

दहा दिवसांनी एका वाडीवर रेकॉर्डिंगला गेले असताना एका घरासमोर आजोबा बसलेले दिसले. दृष्टी गेलेली. माझा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं आणि विचारलं, "वाचन बंद केलं का ओ?" मी सांगितलं, पावणेआठला असतं. ते म्हणाले, "पावणेआठला न्हाय जमत." त्यांची नात रोज सव्वासातला फोन लावून वायर त्यांच्या कानात घालायची आणि साडेसातच्या एसटीने शाळेला जायची. मुलगा आठला फोन घेऊन बाहेर पडायचा. सून सकाळी गोठ्यात. पावणेआठला त्या घरात फोन लावून देणारा हात नव्हता.

मी परत आले आणि प्रायोजकांना साडेसातची वेळ देऊ केली. त्यांनी निम्मे भाग कमी केले. त्या महिन्याचा पगार सगळ्यांना उशिरा झाला आणि कुणी तक्रार केली नाही, याची मला आजही जाणीव आहे. वाचन सव्वासातला परत आलं. राहून गेलेले दहा भाग आजोबांसाठी पेन ड्राइव्हवर देता आले असते, पण आम्ही ते सगळ्यांसाठी पहिल्यापासून पुन्हा वाचले, कारण आणखी कुणाकुणाच्या घरी तो हात नव्हता, हे आम्हाला कुठे माहीत होतं?

आता आमचे वर्षाला तीन तक्ते असतात. एक आखाडापासून, एक रब्बीच्या पेरणीपासून, एक ज्वारीच्या सुगीपासून. मधल्या काळात वेळा हलत नाहीत. बदलायच्या असतील तर पंधरा दिवस आधी सगळ्या वह्यांत लिहून पाठवतो आणि मंडळांनी नको म्हटलं तर राहू देतो. तक्त्याची बैठक गुरुवारी दुपारी असते. त्या वेळी तरी दुपार आमची मोकळी असते. बैठकीला श्रोता मंडळांतल्या दोघी आळीपाळीने येतात, त्यांच्या त्या दिवसाच्या रोजगाराचे पैसे केंद्र देतं. सुरुवातीला याला खर्च म्हणून विरोध झाला होता. मला तो तक्त्यातला सर्वांत आवश्यक खर्च वाटतो. तिने अर्धा दिवस द्यायचा आणि आम्ही पगार घेऊन ऐकायचं, हे बरोबर नाही.

सध्या रब्बीचा तक्ता लागतो आहे. पेरण्या सुरू आहेत, मेंढपाळ दिवाळीनंतर पश्चिमेकडे निघतील आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्याआधीच हलतील. मागच्या गुरुवारी बैठकीला आलेली एक ताई स्वतः टोळीबरोबर जाणार आहे. तिने विचारलं, तिकडं लागतं का आपलं केंद्र? लागत नाही. ती चार-पाच महिने आमच्या लहरींच्या बाहेर असणार. त्यावर तासभर बोलणं झालं आणि ठरलं की टोळीतल्या प्रत्येक मुकादमाच्या नाही, प्रत्येक बाईच्या फोनसाठी मेमरी कार्ड भरायचं. बारा आठवड्यांचे साडेआठचे निवडक भाग, पूर्ण 'स्मृतिचित्रे', सापाचं सदर, आणि मुलांचे शनिवार. कार्डावर दिवसाप्रमाणे सात फोल्डर करायचे, म्हणजे कोपीवर, ऊसतोडीच्या झोपडीत, सोमवारी सोमवारचं ऐकता येईल. फोल्डरांना नावं न देता आमच्या एका मुलीने वारांची चित्रं केली आहेत, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. यादीत सतरा जणी आहेत. नऊ कार्डं भरून झाली. ट्रक शनिवारी पहाटे निघणार आहेत.